फुलाफुलांच्या पिशवीतलं रिव्हॉल्व्हर

"थांबा. आदी वाचा, मग बघा."

कुणी कमरेकडे जरा जास्त वेळ पाहिलं की सुभेदार खिशातून घडी घातलेला कागद काढत आणि पाहणाऱ्याच्या हातात देत. कागद म्हणजे त्यांच्या शस्त्रपरवान्याची झेरॉक्स, आणि लोक पाहत ते त्यांचं रिव्हॉल्व्हर. पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, त्यावर रुंद पट्टा, पट्ट्याला तपकिरी चामडी पाकीट आणि पाकिटातून डोकावणारी लाकडी मूठ. समोरच्याने कागद वाचून परत दिला तरी ते घेत नसत. "ऱ्हाऊ द्या घरी. पुन्यांदा इचारायला नगं."

त्या सगळ्या झेरॉक्स माझ्या दुकानातल्या. कडेगावला तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. सुभेदार दर सोमवारी यायचे आणि पंचवीस प्रती काढून न्यायचे. पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. एकदा मी विचारलं, "एवढ्या कागदांचं करता तरी काय?"

"लोकं लय बघत्यात, ताई," ते म्हणाले. सूर तक्रारीचा होता, पण चेहऱ्यावर भरल्या मांडवातल्या यजमानाचं समाधान होतं.

आपल्या भागात निवृत्त फौजी तुम्हीही पुष्कळ पाहिले असतील. कुणाची टोपी सुटत नाही, कुणाची हिंदी सुटत नाही. आमच्या सुभेदारांचं हत्यार सुटलं नव्हतं. फौजेतलं नव्हे, ते फौजेतच राहिलं. निवृत्तीनंतर ते सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडे अंगरक्षक म्हणून लागले, तेव्हा स्वतःच्या नावावर परवाना काढून घेतलेलं हे रिव्हॉल्व्हर. पुढे शेटजींनी व्यापार आवरला आणि ते मुलीकडे बंगळूरला गेले. रक्षण करायला अंग उरलं नाही, हत्यार तेवढं उरलं.

ते घेऊन सुभेदार गावी आले आणि ऊस करू लागले. सकाळी डेअरीला जाताना एका हातात दुधाची किटली आणि कमरेला रिव्हॉल्व्हर. दळण आणायला रिव्हॉल्व्हर. सोसायटीच्या सभेला रिव्हॉल्व्हर. गिरणीवाला म्हणायचा, "सुभेदार दारात उभं ऱ्हायलं की पीठ आपोआप बारीक पडतंय."

काकूंना, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीला, या सगळ्याचं काडीचं कौतुक नव्हतं. "रानडुकरंबी आता वळखीची झाल्यात," त्या म्हणायच्या. "ह्यांस्नी बघून पळत न्हाईत. बाजूला सरून वाट देत्यात."

ते रिव्हॉल्व्हर सुभेदारांनी कधी उडवलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. बेंदराला, यात्रेला, कुणाच्या पॅनेलचा गुलाल उधळला जाताना लोक गळ घालायचे, "सुभेदार, एक बार होऊ दे की हवेत!" त्यावर त्यांचं एकच उत्तर. "कायद्यात बसत न्हाई." हे वाक्य ते इतकं चवीने म्हणत की नकार ऐकूनही माणसं खूश होऊन जात.

निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. बाकीचे परवानाधारक नोटिशीची वाट पाहतात. सुभेदार बातम्यांत तारखा ऐकल्या ऐकल्या ठाण्यात जाऊन उभे. पावती घेऊन ते तडक माझ्याकडे तिच्या झेरॉक्स काढायला येत. मग पुढचे दोन महिने रस्त्याने चालताना ते डावीकडे कलत. इतक्या वर्षांत शरीराने उजवीकडचं वजन हिशेबात धरून टाकलं होतं. दोन महिने माणूस कललेला, निकाल लागला की सरळ.

असं सगळं नीट चाललं होतं. मग आमच्या ठाण्यात नव्या फौजदार बाई आल्या.

वय तिशीच्या आत, बोलणं मोजकं. एका सोमवारी त्या कसल्याशा कागदांसाठी माझ्या दुकानात आल्या, तेव्हा सुभेदार पंचवीस प्रती मोजत उभे होते. बाईंची नजर कमरेवर गेली. सुभेदारांनी हसतमुखाने कागद पुढे केला. "आदी वाचा, म्याडम."

बाईंनी तो खरंच वाचला. मागून पुढून, तळटीपेसकट. सुभेदारांचा कागद पूर्ण वाचणारं ते पहिलंच माणूस असावं.

"परवाना बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "पण हे उघडं का?"

"उगडं कुटं? पाकिटात हाय की."

"मूठ दिसतेय. सार्वजनिक जागी बाळगायचं तर पूर्ण झाकलेलं पाहिजे. नियमात आहे. असं मिरवताना पुन्हा दिसलात तर परवाना रद्द करायचा प्रस्ताव पाठवीन, सुभेदार."

बाई गेल्या. सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. एवढा उंचापुरा माणूस, पण परीक्षेत नापास झाल्यासारखा दिसत होता. "ताई, तेवढा नियम काढा बगू तुमच्या कॉम्पुटरवर."

मी शोधून छापून दिला. त्यांनी उभ्यानेच वाचला. दोन वेळा. मग ठाणं ज्या दिशेला होतं तिकडे तोंड करून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. "बाई बरोबर हाय," ते म्हणाले. "इतकी वरसं मी कायदा मोडत हिंडलो आन लोकांस्नी कायदा वाचायला देत हुतो."

दुसऱ्याच दिवशी पिशवी तयार झाली. काकूंनी घरच्या मशीनवर शिवली. सोफ्याच्या उशांचं कापड उरलं होतं, तेच वापरलं: निळ्या रंगावर गुलाबी फुलं, वर झापड आणि झापडीला दोन टिचबटणं. पाकिटासकट रिव्हॉल्व्हर आत गुडूप. सुभेदारांनी खाकी कापड आणू का म्हणून विचारलं होतं. "झाकायचंच हाय न्हवं?" काकू म्हणाल्या. "मग फुलांनी काय वाकडं केलंय?"

यातून पुढे काय होणार हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पिशवी कमरेला लावून सुभेदार डेअरीत गेले तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या सेक्रेटरींनी आवाज खाली आणून विचारलं, "कवापासनं?"

"काय कवापासनं?"

"शुगर वो. मशीन हाय न्हवं त्यात? आमच्या व्याह्यांच्याबी कमरंला असतीया पिशवी. त्यात सुईबी ठेवत्यात."

दोन दिवसांत गावभर झालं, सुभेदारांना शुगर निघाली. शेजारणी सकाळी कारल्याचा रस आणून देऊ लागल्या. कुणी मेथीचे दाणे, कुणी जांभळाच्या बियांची पूड. चहाच्या गाड्यावर त्यांना न विचारता बिनसाखरेचा चहा मिळू लागला. उसाचं पीक घेणारा माणूस, आणि स्वतःच्या गावात साखरेला महाग झाला!

कळस झाला तो एका लग्नाच्या पंगतीत. मी समोरच्याच रांगेत होते. वाढपी जिलबीचं ताट घेऊन आला, सुभेदारांच्या शेजाऱ्याला दोन वाढल्या आणि सुभेदारांना ओलांडून पुढे गेला.

"ए गड्या! मला?"

"तुमास्नी कोशिंबीर आणतो की, आजोबा."

"आरं, मला काय झालेलं न्हाई. ह्यात रिव्हॉल्व्हर हाय."

"व्हय, व्हय," वाढपी प्रेमाने म्हणाला. "आमच्या आज्जाच्या पिशवीत तोफ हाय."

सुभेदारांचा हात टिचबटणाकडे गेला. उघडून दाखवलं असतं तर जिलबी मिळाली असती, पण परवाना गेला असता. हात पुन्हा पानावर आला. त्यांनी कोशिंबीर खाल्ली.

पुढच्या सोमवारी त्यांनी दहाच प्रती मागितल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन. मग एकदा नुसतेच येऊन बाकावर बसले. मी यंत्र चालू करायला उठले तर म्हणाले, "नगं ताई. कोण बघतच न्हाई आता. समदी तब्येत इचारत्यात." मला हसू आवरत नव्हतं आणि वाईटही वाटत होतं.

त्याच सुमारास त्यांच्या पुतणीचं लग्न ठरलं. पत्रिका मीच टाइप केल्या होत्या म्हणून मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. भर दुपारी बाराला नवरदेवाची परण्या मंगल कार्यालयाकडे निघाली. नवरदेव घोड्यावर, पुढे बँड, बँडपुढे नाचणारी मंडळी. सुभेदार फेटा बांधून मुलीकडच्या वडीलधाऱ्यांत स्वागताला उभे, कमरेला फुलांची पिशवी. काकू आणि मी त्यांच्या मागेच.

नाचणाऱ्यांतला एक तरुण, नवरदेवाचा मावसभाऊ, मध्येच दोघांच्या खांद्यावर चढला. शर्टाखालून त्याने काळंभोर पिस्तूल काढलं आणि हवेत नाचवू लागला. खाली कुणीतरी मोबाइलवर त्याचं शूटिंग करत होतं. नाचता नाचता त्याचा तोल जात होता आणि नळी कधी आकाशाकडे, कधी घोड्याकडे, कधी बायकांच्या घोळक्याकडे वळत होती. बँड बेसूर होत थांबला. बायका मुलांना ओढून मागे सरल्या. मी एका मोठ्या अत्तरदाणीवाल्या बाईंच्या मागे लपले, हे कबूल करते.

सुभेदार पुढे गेले. पळाले नाहीत, ओरडले नाहीत. सरळ चालत गर्दीत घुसले, त्या तरुणाचं मनगट धरलं आणि हळूहळू खाली आणलं, पिकलेलं फळ फांदीवरून उतरवावं तसं. "बोट भायेर काढ," ते म्हणत होते. आवाज अगदी मऊ होता. "चापावरचं बोट भायेर. शाब्बास. नळी भुईकडं. बघ माज्याकडं. कोण रागवत न्हाई तुला."

तो घाबरला आणि त्याचं बोट दाबलं गेलं.

फट्! नळीच्या तोंडाशी बोटभर निळी ज्योत उभी राहिली.

"आवं आजोबा," तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "सिगरेटचा लायटर हाय ह्यो!"

मग जो हशा उठला तो थांबेना. नवरदेव घोड्यावर पोट धरून वाकला. त्या हशात सुभेदारांच्या फेट्याच्या शेमल्याला ज्योत लागलीय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते काकूंच्या. त्या धावत गेल्या आणि तळहाताने पाठीवर दणादणा मारून शेमला विझवला. विझल्यावरही चार फटके जास्तच पडले. "लायटर व्हता म्हून!" प्रत्येक फटक्याला त्या म्हणत होत्या. "लायटर व्हता म्हून!" हसणाऱ्यांना त्यांच्या डोळ्यांतलं पाणी दिसलं नाही. मी जवळ होते.

बँड पुन्हा सुरू झाला, अक्षता पडल्या, जेवणं झाली. सुभेदार मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसून होते. मी पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि जळका शेमला फेट्यात खोचला.

दोन दिवसांनी ते दुकानात आले. सोमवार नव्हता. पिशवी कमरेला होती.

"ताई, एक गंमत सांगू?" ते बाकावर बसत म्हणाले. "त्या वक्ताला मला ह्याची याद आलीच न्हाई." त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "सतरा वरसं कशापायी बाळगलं? तसा वखत आला तर, म्हून. वखत आला, आन माज्या कमरंला काय हाय ह्येच मी इसारलो. घरी जाऊन पट्टा सोडताना कळलं."

"बरंच झालं की," मी म्हणाले. "आठवलं असतं तर?"

त्यांनी पिशवीची दोन्ही टिचबटणं दाबून पाहिली.

"त्येचंच भ्या वाटतंय," ते म्हणाले. "लायटर घेतलेलं पोरगं. आन मला आठवलं असतं तर."

मग त्यांनी परवाना परत करण्याचा अर्ज टाइप करायला सांगितला. मी भराभर मजकूर घातला. कारणाच्या रकान्याशी थांबून विचारलं, "कारण काय लिहू? वयोमानामुळे?"

"खोटं कशाला? लिवा. वेळेवर आठवत नाही."

मी पुष्कळ समजावलं. ऐकेनात. तसाच अर्ज घेऊन ते सांगलीला कलेक्टर कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने तो वाचला आणि सहानुभूतीने विचारलं, "आजोबा, विस्मरणाचा डॉक्टरी दाखला जोडलाय का?" सुभेदारांनी त्याला परण्या, घोडा, लायटर सगळं सांगितलं. टेबलाभोवती गर्दी जमली. शेवटी साहेबांनी आत बोलावून चहा पाजला आणि "स्वेच्छेने" असा शब्द घालून अर्ज मंजुरीला लावला. चहात साखर होती, हे त्यांनी मला आवर्जून सांगितलं.

रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा करायला ते गेले तेव्हा फौजदार बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या म्हणे.

पुढच्या वर्षी ऊस वाट्याने देऊन सुभेदार आणि काकू मुलाकडे शिरवळला गेले. तो तिथल्या कारखान्यात नोकरीला आहे. माझ्या दुकानातले सोमवार सुने झाले. यंत्र तापवून ठेवायची सवय मोडायला मला बरेच दिवस लागले.

मागच्या महिन्यात पुण्याला जाताना आमची एसटी शिरवळला सेवा रस्त्यावर अडकली. पुढे ट्रकांची रांग. मी खिडकीतून मान बाहेर काढली. कारखान्याची पाळी सुटली होती आणि बायकांचे घोळके रस्ता ओलांडत होते. रस्त्याच्या मधोमध, एका मालाने भरलेल्या ट्रकच्या नाकासमोर, हात आडवा धरून सुभेदार उभे होते. सदरा, लेंगा, पायात चपला. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. एक मुलगी रस्त्याच्या मध्येच थांबली, हातातला डबा तिने त्यांच्याकडे दिला, दोन्ही हातांनी स्कार्फ नीट बांधला, डबा परत घेतला आणि सावकाश पलीकडे गेली.

ट्रक थांबलेलाच होता.