उलटा हूक आणि समोरची खुर्ची

ट्रॅक्टर घेतल्यापासून आपल्याला अक्कल आली, असं माझ्या भावाला वाटतं. मला तसं वाटत नाही. पण मी अमरावतीला नोकरी करते, सुट्टीपुरती अकोटजवळच्या आमच्या गावी येते, आणि पाहुण्याच्या मताला घरात जेवढी किंमत असते तेवढीच माझ्या मताला. त्याचं साक्षगंध, म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा, ठरलं अंजनगाव सुर्जीला. घरचे म्हणाले, जीप सांगू. हा म्हणे, "जीप काहून? सासरवाडीले आपला ट्रॅक्टर नको दिसाले?"

आता अडचण अशी की ट्रॅक्टर नवा आणि उंच, ट्रॉली मात्र बाबांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या मापाची, बुटकी. जोडली की दांडी वर आणि बूड खाली. यावर इलाज शोधायला भाऊ मोबाइलला चिकटला. त्यात कुठली तरी गोरी माणसं गाडीमागे होड्या बांधून फिरत होती. गाडीच्या मागे लोखंडी दांडा, दांड्याला मधेच पायरीसारखा बाक, आणि टोकाला चकचकीत गोळा. आमच्याकडे कडी आणि पिन यावर आजवर सगळं भागलेलं. पण याला गोळाच पाहिजे होता.

तसा हूक मागवला. गोळ्याचं माप पाहिलं, किती वजन पेलतो ते पाहिलं, ट्रॉलीच्या कडीच्या जागी त्या गोळ्यावर बसेल अशी वाटी वेल्डिंग करून घेतली. इथपर्यंत सगळं बरोबर होतं, मी नाही म्हणत नाही. दांडा दोन्ही बाजूंनी बसतो, बाक खाली केला की गोळा खाली, वर केला की वर. पण खोक्यावरच्या चित्रात गोळा वरच्या अंगाला होता, म्हणून यानंही वरच बसवला. उंच ट्रॅक्टरला आणखी उंच गोळा. ट्रॉलीचं नाक आभाळात गेलं.

बाबा म्हणाले, "खाली पायजे ना बे, वर काहून केलं?" भावानं खोकं समोर धरलं. "चित्र पाहा." छापील चित्रापुढे आमच्या घरात कोणाचं काही चालत नाही.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी शेजारच्या बायांना बसवून गावाबाहेर एक चक्कर मारली. ट्रॉलीच्या उतारामुळे सगळ्या बाया सरकत सरकत मागच्या फळक्याला जाऊन चिकटल्या आणि ट्रॉली डावीउजवीकडे झुलायला लागली. पुढे ट्रॅक्टरवर नवरदेव गाणं म्हणत होता, मागे बाया त्याच्या सात पिढ्या काढत होत्या. परत आल्यावर बाबांनी एका शब्दात निकाल दिला, "उलार झाली." बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, त्याला उलार म्हणतात. अशी गाडी कुठं दगा देईल सांगता येत नाही. "समोर वजन पायजे," बाबा म्हणाले.

भाऊ म्हणाला, रेतीची पोती ठेवू. आई भडकली. "साक्षगंधाले रेती घेऊन जाता? ते म्हनतीन, सोयरीक कराले आले का घर बांधाले?"

मग कोणीही चुलीपाशी बसलेल्या आत्याकडे पाहिलं नाही. इतक्या जणांनी एकदम एकीकडे न पाहणं हे फार उघड दिसतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तरुणपणी नवरा गेला, माहेरी आली, ती आमच्याच घरची झाली. अंगानं चांगली भरभक्कम. एकदा बसली की बसली, मग उतार असो की चढ. लग्नकार्याला मात्र ती कधी यायची नाही. "ढोरायले पानी कोन दाखवीन?" म्हणायची. आणि तिला दुसऱ्यांदा कोणी विचारायचं नाही. हळदीकुंकवाची वेळ आली की ती कोणाला डोळ्यांसमोर नको असायची, हे सरळच सांगते. उगाच गोड कशाला बोलायचं?

त्या दिवशी बाबा चुलीपाशी जाऊन बसले. "बाई, उद्या तू चालजो." आत्या म्हणाली, ढोरं. बाबा म्हणाले, "ढोरं शेजारचे पाहातीन. तू पायजेच." जन्मात पहिल्यांदा त्यांनी बहिणीला असा आग्रह केला, आणि तोही वजनासाठी.

माझं डोकं फिरलं. मी बाबांना अंगणात गाठलं. "आत्या काय पोतं हाये का?"

"तं काय करू?" बाबा म्हणाले. "घरी ठेवली तं तुले राग येते, नेली तं बी राग येते." ते खरं होतं, म्हणून आणखीच राग आला.

आम्ही आत आलो तशी आत्यानं पिठाचे हात पुसले, एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "जरीचं नेसू का साधं?"

सकाळी ट्रॉलीत समोरच्या फळक्याला लाकडी खुर्ची दोरीनं बांधली. खुर्चीवर जरीच्या लुगड्यातली आत्या, हातात छत्री. बाकी आम्ही खाली सतरंजीवर, तिच्या पायांशी. ट्रॉली खरंच झुलायची थांबली. वाटेत लोक हात जोडू लागले. एका फाट्यावर म्हाताऱ्यानं ट्रॅक्टर थांबवून विचारलं, "बाई कोनत्या चिन्हावर उभ्या हायेत?"

"खुर्ची," आत्या म्हणाली. म्हातारा मान डोलावून बाजूला झाला.

अंजनगावला पोचलो. सगळ्यांत उंच, सगळ्यांत समोर आत्या. तिला उतरवून घेतलं तशी मुलीची आई कुंकवाचं ताट घेऊन सरळ तिच्यापुढे उभी राहिली. आमची सगळी मंडळी जागच्या जागी थिजली. आत्याचा हात आपोआप कपाळावर गेला. "मी नाई," ती हळूच म्हणाली, "माही भावजय मांगं हाये."

आई मागून आली. मला वाटलं, आता ती ताटापुढे उभी राहील. ती म्हणाली, "त्यायलेच लावा इहीनबाई. त्यायच्या बिगर आमची गाडी निंगत नाई."

मुलीकडच्यांना ते फार छान बोलणं वाटलं. आमच्यातलं कोणी हसलं नाही. आत्यानं डोळे मिटून कुंकू लावून घेतलं, आणि मला रडू आलं.

जेवणं झाली. होणारे व्याही शतपावली करत ट्रॅक्टरपाशी गेले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "जवाईबापू, हे उलटं लावलं ना." पाना मागवला, बोल्ट काढले, दांडा फिरवला, गोळा खालच्या अंगाला घेतला. ट्रॉली परातीतल्या पाण्यासारखी सपाट झाली. भावाला लाज वगैरे काही वाटली नाही. तो खूश होऊन म्हणाला, "आता कोनीबी कोठीबी बसा."

बाया पटापट चढल्या. बाबा खुर्चीची दोरी सोडायला लागले.

"राहू दे," आत्या खालून म्हणाली. ती चढली, खुर्चीवर बसली, छत्री उघडली.

"आत्या, आता गरज नाई वं समोर वजनाची," भाऊ म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्यानं जीभ चावली.

"मले मालूम हाये," आत्या म्हणाली. "माह्या बापाची बैलगाडी मीच हाकत होती. उलार गाडी मले समजत नाई का? येतानी तुमच्यासाठी बसली होती. आता माह्यासाठी बसतो."

बाबांनी सोडलेली दोरी पुन्हा बांधली, आणि गाठ पक्की आहे का ते दोनदा ओढून पाहिलं.