डॅशबोर्डात कोंबलेलं फडकं

झुळूकभाऊंचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. जुन्या गाडीच्या डॅशबोर्डातून वारा येईनासा झाला की सगळे यांच्या गॅरेजकडे वळत, म्हणून ते झुळूकभाऊ. जाळीची पट्टी मोडली, तर टाकाऊ टूथब्रशच्या दांडीतून ते नवी कोरून बसवत. आतली झडप अडकली, तर सायकलच्या स्पोकने तिला गुदगुल्या करत. काम झालं की परीक्षा एकच: शिलाईचा दोरा जाळीपुढे धरायचा. दोरा आडवा उडाला की गाडी पास! ही परीक्षाही इंजिन बंद ठेवून, नुसती किल्ली फिरवून. का? तर इंजिनाच्या थरथरीनेही दोरा हलतो.

"ती कॉपी झाली!" असं म्हणून ते स्वतःच आधी हसत.

तर एकदा जावयाने आठवड्यापूर्वीच घेतलेली जुनी गाडी त्यांच्या दारात आली. कडाक्याची थंडी, पुढे तीन तासांचा घाटरस्ता, मागच्या सीटवर वर्षाचा नातू, आणि डॅशबोर्डातून ऊब म्हणून येत नव्हती.

"बाबा, बाळ गारठेल," लेक म्हणाली. "आणि तुमच्या दारातून गाडी अशीच गेली, तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड गं. तुझी आई काय म्हणेल, त्याची धास्ती!"

जाळी काढून त्यांनी आत स्पोक घातला. काहीतरी मऊ लागलं. ओढलं तर मुठीएवढं फडक्याचं बोचकं निघालं, सुतळीने करकचून बांधलेलं.

"जावईबापू, मागच्या मालकाने उंदरांची सोय केली होती वाटतं!"

बोचकं कोपऱ्यात भिरकावलं. दोन पट्ट्या बदलल्या, दोरा धरला. दोरा ताडकन आडवा! लेकीने टाळ्या वाजवल्या. खुशीत येऊन भाऊंनी जाळीवर सुवासाची नवी डबी अडकवून दिली. काचा घट्ट लावून गाडी गेली.

तासाभराने बायको धुवायची फडकी गोळा करायला आली.

"अहो, हे काय चुलीतून काढलंत?"

तिने बोचकं सोडलं होतं. एका अंगाने काळंकुट्ट, दुसऱ्या अंगाने कोरं.

"कचरा आहे तो. टाक."

"कचऱ्याला कोणी सुतळी बांधतं का? हे कोणीतरी मुद्दाम लावलंय बघा. मोरीच्या भोकाला बोळा लावतो ना आपण, तसं."

भाऊंनी बोचकं तिच्या हातातून घेतलं. मोरीला बोळा कशासाठी लावतात? पलीकडचं काही अलीकडे येऊ नये म्हणून! काळी बाजू इंजिनाकडची होती. तिथे कुठेतरी धूर गळत होता, आणि मागचा मालक खर्च टाळून भोक बुजवून बसला होता. आणि आपण? इंजिन बंद ठेवून वारा तपासला. वर सुवास लावून दिला!

त्यांनी लेकीला लावलेला फोन वाजत राहिला. उचलेना. दुसऱ्यांदाही उचलेना. तिसऱ्यांदा लेकीचा आवाज आला, सावकाश, जणू विहिरीच्या तळातून.

"बाबा... किती छान ऊब येतेय. बाळ केव्हाचं झोपलंय. मलाही गुंगी आलीय. यांचं जरा डोकं दुखतंय एवढंच..."

"काचा उघड! गाडी थांबव!"

"थंडी आहे हो बाहेर..."

"थांबवायला सांग त्याला! बाळाला बाहेर काढ! आत्ता, याच क्षणी!"

जन्मात बाबा कधी तिच्यावर ओरडले नव्हते. फोनमध्ये आधी ब्रेकची किंचाळी आली, मग दार उघडल्याचा आवाज, मग नुसताच वारा. लेक बाळाला हाका मारत होती. एक हाक. दुसरी. तिसरी. बायकोने भाऊंचं मनगट धरलं होतं, आणि बोचक्याची काजळी दोघांच्याही हातांना लागली होती.

मग पोरगं रडलं. आधी चिरकं, मग भोकाड पसरून.

"रडू दे," भाऊ म्हणाले. "गप्प करू नकोस त्याला. रडू दे."

गाडी ट्रकवर घालून परत आणली. इंजिनाच्या धुराच्या नळीला बोट जाईल एवढी चीर होती.

त्यानंतर भाऊ इंजिन चालू ठेवून, काचा लावून, स्वतः आत बसून वारा तपासू लागले. बायको बाहेर दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी राही आणि दर मिनिटाला काचेवर टकटक करी. आतून हात वर झाला नाही, तर दार उघडायचं. कॉपीचा तो विनोद मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकला नाही.