बाबांच्या गाडीचं ऑइल

आज सिविक सेंटरच्या बाजारात बाबांच्या गाडीसाठी इंजिन ऑइल घ्यायला गेलो. बाबा उन्हाळ्यात गेले. तेव्हापासून गाडी उभीच आहे.

ओळखीच्या दुकानदारकाकांना विचारलं, साधं घेऊ की सिंथेटिक?

"या जुन्या गाडीले दोन्ही चालते. पण सिंथेटिक जास्त टिकते, लवकर बदलवाचं झंझट नाही. तुह्या बाबालेही हेच सांगत होतो."

"मंग ते साधंच कावून नेत होते?"

"म्हणे, ऑइल बदलवाचं असलं की पोरगा पाना धरून माह्याजवळ बसते."

ऑइल बदलायच्या त्या सुट्टीच्या सकाळी आम्ही फारसं बोलायचो नाही. साधं ऑइल स्वस्त, म्हणून मला वाटायचं, बाबा कंजूस आहेत.

मी साधंच घेतलं. रविवारी लेकीला मदतीला बोलावणार आहे.

तुमच्याकडे असं कोणतं काम आहे, जे लवकर संपू नये असं वाटतं?