कटरबाईची खुर्ची

बाइंडिंगच्या कारखान्यात तिला सगळे कटरबाई म्हणत. बावीस वर्षं कागद कापायच्या मशीनवर, आणि हाताची दहाच्या दहा बोटं शाबूत! त्या धंद्यात ही मिरवायची गोष्ट. मालक स्वतः साडेनऊ बोटांचा, त्यामुळे तो तिला जरा वचकूनच असायचा.

पण नवरा गेला, आणि तिची झोप जी गेली ती गेलीच. नऊ महिने झाले. अख्खी गल्ली फुकटची वैद्य झाली. कोणी म्हणालं तळपायाला तेल चोळ, कोणी म्हणालं शंभरापासून उलटं मोज. बाईनं सगळं केलं. उलटं मोजता मोजता शून्याच्याही खाली बरंच जाता येतं, एवढं मात्र तिला कळलं.

मग एका सकाळी तिनं वह्यांचा गठ्ठा मशीनखाली सरकवला, दांडा ओढला, आणि उघडायच्या बाजूऐवजी शिवलेली बाजूच कापून टाकली. पानं पत्त्यांसारखी जमिनीवर पसरली. मालक ओरडला नाही, हेच तिला जास्त लागलं. तो हळूच म्हणाला, "बाई, आज वह्या गेल्या. उद्या हात जाईल. महिनाभर मशीन सोडा, पुठ्ठ्यांना खळ लावा. झोप यायला लागली तर मशीन तुमचं. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

मशीन गेलं तर तिच्याकडे उरणार काय? ते रिकामं घर.

बातमी कळली तशी थोरली नणंद पिशवी घेऊन हजर झाली. नणंद म्हणजे तोंडाचा पट्टा. आल्या आल्या तिनं दुपारनंतरचा चहा बंद केला, सकाळी हिला उन्हात चालायला नेलं, रात्रीचा फोन फडताळात कोंडला.

"वन्सं, मी काय शाळेत आहे का?"

"शाळेतली पोरं झोपतात तरी!"

चौथ्या दिवशी दुपारी नणंद डबा घेऊन कारखान्यात गेली. पुठ्ठे चिकटवलेली पुस्तकं शिकंज्यात, म्हणजे दोन लाकडी फळ्यांमध्ये स्क्रूनं घट्ट दाबून ठेवलेली होती. मालक घाईघाईनं स्क्रू सैल करायला गेला, तशी कटरबाई कडाडली, "हात लावू नका! सारखं उघडून बघितलं की पुस्तक वाकडं होतं. खळ तिच्या वेळेनं वाळते."

"आणि तू रात्रभर घड्याळ बघतेस ते?" नणंदेनं डबा टेबलावर आपटला. "झोप वाळली का बघतेस?"

मालक फिसकन हसला. कटरबाई हसली नाही.

संध्याकाळी नणंदेनं बादलीत कोमट पाणी ओतलं आणि तिचे पाय त्यात बुडवले. शेजारी खाट, खाटेला लागून एक खुर्ची. नवऱ्याला दम्याचा त्रास. चार वर्षं ती त्या खुर्चीत बसून त्याचा श्वास ऐकत आली होती. आता खाट रिकामी होती, तरी रात्र झाली की ती खुर्चीतच जाऊन बसायची. नणंद खुर्ची उचलायला गेली.

"राहू द्या ती."

"का? कोणाला राखतेस आता?"

पाणी निवत चाललं होतं. कटरबाई पायांकडे बघत म्हणाली, "वन्सं, त्या दिवशी माझा डोळा लागला होता. तासभर. उठले तर हे गेलेले. तुम्हाला मी सांगितलं ना, शेवटपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता म्हणून? खोटं होतं ते."

नणंदेनं खुर्चीवरचा हात काढला. भाऊ होता तिचा. आता ही पिशवी उचलणार, असंच कटरबाईला वाटलं.

नणंदेनं टॉवेल घेतला आणि तिचा एक पाय पुसायला लागली. "लहानपणी ना, त्याला कडू गोळी गिळायची असली की तो आम्हा सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचा. कोणी बघत असलं की त्याच्या घशाखाली उतरायचीच नाही. आई चिडायची. पण पाठ फिरवायची." मग तिनं दुसरा पाय घेतला. "तू पाठ फिरवलीस, बाई. एवढंच झालं."

कटरबाई किती वेळ रडली ते कोणी घड्याळात पाहिलं नाही.

खुर्ची त्याच रात्री स्वयंपाकघरात गेली. झोप काही लगेच धावत आली नाही. पहिल्या रात्री तीन तास, मग दोनच, मग कधी चार, आणि एकदा थेट उजाडेपर्यंत, तीही घोरत. सकाळी नणंद डोळे चोळत म्हणाली, "आता माझी गेली."

महिना भरला. मालकानं तिला मशीनकडे बोलावलं आणि स्वतः बाजूला उभा राहिला, तिच्या हातांकडे टक लावून. कटरबाईनं गठ्ठा सरकवला. शिवलेली बाजू कुठे आहे, ते बोटानं चाचपून पाहिलं. दांड्यावर हात ठेवला आणि थांबली.

"मालक, पाठ फिरवा. कोणी बघत असलं की आमच्या घरात कोणालाच जमत नाही."

साडेनऊ बोटांच्या मालकानं मुकाट्यानं भिंतीकडे तोंड केलं.