साठीच्या वरच्यांना बोटीवर घेत नाहीत

आमच्या मावशीला अख्खी वस्ती शिट्टीमावशी म्हणते. एकतीस वर्षं ती नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर नोकरीला होती. आधी तिकिटं फाडायला, मग मुलांना शिकवायला आणि काठावर बसून पाण्यावर नजर ठेवायला. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. रस्त्यात एखादं पोर धावत सुटलेलं दिसलं की हिचा हात आपोआप शिट्टीकडे जातो. काठावर धावायचं नाही, हा तिचा पहिला नियम. अंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा दुसरा. एकदा खुद्द नगराध्यक्ष कोरडेच आले, तर त्यांनाही तिने नळाखाली उभं केलं होतं.

अशा बाईशी मी खोटं बोललो, आणि तेही नियमाचं नाव घेऊन.

त्याचं झालं असं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला माशांचं वेड लागलंय. शाळेतली कविता पाठ होत नाही, पण कुठला मासा प्रवाळ कुरतडतो आणि कुठला वाळूत लपतो हे झोपेतून उठवून विचारा. म्हणून या उन्हाळ्यात तीन दिवस एका बेटावर जायचं, बोटीने आत जाऊन मास्क लावायचा, तोंडात नळी धरायची आणि पाण्याखालची कासवं बघायची, असं ठरलं. जेवताना मी हे जाहीर केलं. आई गेल्यापासून मावशी आमच्याकडेच असते. तिने हातातला घास खाली ठेवला.

"मी पण आले तर चालेल का रे? मला फार पोहायचं नाही. नुसतं खाली बघायचंय एकदा."

मावशी कधी काही मागत नाही. चपला झिजल्या तरी आपण बघून आणायच्या. आणि ती असं मागत असताना मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "साठीच्या वरच्यांना बोटीवर घेत नाहीत, मावशी. त्यांचा नियम आहे."

मी विम्याच्या कचेरीत काम करतो. बारीक अक्षरातल्या अटी कंटाळलेल्या आवाजात सांगितल्या की माणूस उलट प्रश्न विचारत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. तो आवाज मी घरात वापरला.

"हो का?" ती म्हणाली. "मग राहिलं. नियम म्हणजे नियम." आणि खाली मान घालून जेवू लागली.

फॉर्मवर स्पष्ट लिहिलं होतं, पंच्याहत्तरपर्यंत चालेल, साठीनंतर फक्त डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मावशी अडुसष्टची.

आता खरं कारण सांगतो, लाज वाटते तरी. मावशीने हजारभर मुलांना पोहायला शिकवलं असेल. त्यात एक राहिला, तो मी. लागोपाठ तीन उन्हाळे तिने माझ्यामागे डोकं फोडलं. मी कपडे बदलायच्या खोलीत, दाराआड, तास संपेपर्यंत उभा राहायचो. आणि हाच मी लेकीला छातीठोकपणे सांगून बसलोय की लहानपणी एका दमात मी तलाव पार करायचो. पोर मला भलताच शूर समजते. बोटीवर जॅकेट घालून, दोरीला धरून कसंतरी निभावून नेऊ, असा माझा हिशेब होता. मावशी सोबत असती तर तिने पहिल्याच उडीला शिट्टी फुंकून माझं बिंग फोडलं असतं. म्हणून तिचा पत्ता कापला. बायकोला मला पोहता येत नाही हे माहीत आहे, पण नियमाचं तिलाही खरंच वाटलं.

निघायच्या आदल्या दुपारी बॅग भरायला कोण बसलं? मावशी. मी नको म्हणालो होतो, पण तिच्यापुढे कुणाचं चालतं?

तलावाच्या शिबिराला ती चाळीस मुलं घेऊन जायची, त्यामुळे बॅग भरायची तिची एक पद्धत आहे. प्रत्येकाच्या चिकटपट्टीचा रंग ठरलेला. निळी माझी, पिवळी बायकोची, हिरवी लेकीची. टॉवेलपासून टोपीपर्यंत प्रत्येक वस्तूला आपापल्या रंगाचा तुकडा. जे आधी लागणार ते वर, जे शेवटी लागणार ते तळाशी. डब्यात लाल पट्टीचंही रीळ होतं. शिबिरात लाल रंग तिचा असायचा. ते तिने उचलून बाजूला ठेवलं, आणि मी पंख्याकडे बघत बसलो.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मावशीने लांब बाह्यांचे पोहायचे शर्ट घड्या करून ठेवले, उन्हासाठी प्रवाळाला अपाय न करणारं पांढरं क्रीम ठेवलं, उलटीच्या गोळ्या, मीठ-साखरेची पाकिटं, ओल्या कपड्यांची वेगळी पिशवी. नव्या मास्कच्या काचा आतून टूथपेस्ट चोळून धुतल्या, म्हणजे वाफ धरत नाही म्हणे. मग एकेकाला समोर बसवून मास्क तपासला.

"पट्टा नको लावूस. नुसता चेहऱ्यावर धर आणि नाकाने श्वास आत ओढ. आता हात सोड."

लेकीचा मास्क चिकटून राहिला. माझा पटकन माझ्या मांडीवर पडला.

"मिशी," मावशी म्हणाली. "केसांतून पाणी शिरणार. एक तर काढ, नाहीतर व्हॅसलिन थाप." बायको तोंडाला पदर लावून हसत सुटली आणि चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात लेकीने विचारलं, "मावशीआजी, बाबा लहानपणी खरंच एका दमात तलाव पार करायचे?"

मावशी पोहण्याच्या बाबतीत कुणाची भीड ठेवत नाही. तिने निळ्या पट्टीचा तुकडा दातांनी तोडला, माझ्या मास्कवर चिकटवला आणि म्हणाली, "तुझे बाबा? तासाला आले की मला दिसायचेच नाहीत कुठे."

"एवढे फास्ट?"

"जा, तुझी माशांची वही घेऊन ये. विसरशील नाहीतर."

पोर नाचत आत गेली. मावशी माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलू लागली. "जॅकेट काढायचं नाहीस. कुणी कितीही हसू देत. हा केशरी फुगा कमरेला बांध, लांबून दिसतो. पाय टेकत नाहीत असं वाटलं की पाठीवर हो आणि आकाशाकडे बघ. मी तिथे नसणार, म्हणून सांगते."

माझ्यासाठी ती बाई शब्द जपून वापरत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटीवर आता आमच्या तीनच जागा होत्या; नाव बदलायचं तर संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती आणि घड्याळात साडेतीन वाजले होते.

"मावशी, असा नियम नाहीये."

"कसला?"

"साठीचा. मी खोटं बोललो." मी फॉर्म तिच्यापुढे ठेवला.

तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून, प्रत्येक ओळीखाली बोट सरकवत, फॉर्म वाचला. तिला असंच वाचायची सवय आहे. त्या चार मिनिटांत मी चारदा घाम पुसला. बोट वयाच्या अटीपाशी थांबलं, मग पुढे जाऊन सहीपर्यंत पोचलं.

"का?"

मी सांगितलं. दाराआड उभा राहायचो तिथपासून सगळं.

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने चष्मा काढून पदराला पुसला. "पोहता येत नाही याची कसली लाज? जगात निम्म्या लोकांना येत नाही. नियम म्हटलं की मी ऐकते, हे तुला माहीत होतं. तिथेच धरलंस मला. लाज बाळगायची तर याची बाळग."

ते माझ्या वर्मी लागलं. मी म्हणालो, "माझ्या जागी तू जा. डॉक्टरांकडे आत्ता जाऊन येऊ."

"प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. दर वर्षी घेते. तलावाचा नियम होता." नोकरी सुटून आठ वर्षं झाली, तरी ती अजून घेते.

मग तिने माझा मास्क उचलला, चेहऱ्यावर धरला, श्वास ओढला आणि हात सोडला. मास्क पक्का बसला होता. निळी पट्टी तिने नखाने खरवडून काढली. लाल रीळ मीच उचलून तिच्या हातात दिलं. तिने ते घेतलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

लेक वही घेऊन आली. "बाबा, तुमची पट्टी का काढली?"

मावशी घड्या घालत राहिली. या वेळी ती माझ्या मदतीला येणार नव्हती.

"मी येत नाहीये," मी म्हणालो. "मला पोहता येत नाही. तलाव मी कधीच पार केला नाही."

लेकीने माझ्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. "म्हणजे ते खोटं होतं?" तिने विचारलं. मी हो म्हणालो. ती वही बॅगेत ठेवून आईकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तिघी गेल्या. त्याच्या पुढच्या दुपारी मावशीचा फोन आला. एरवी ती फोनवर तलावाच्या या काठावरून त्या काठाला हाक मारल्यासारखी बोलते. त्या दिवशी आवाज अगदी हळू होता.

"कासव दिसलं?" मी विचारलं.

"चार. पोरीने मोजली. अरे, एकतीस वर्षं मी पाण्यात बघितलं ते डोकी मोजायला. कोण खाली गेलं, कोण वर आलं नाही. आज मास्क लावला तरी बराच वेळ मोजतच होते. किती वेळाने लक्षात आलं, इथे मला कुणाला शोधायचं नाहीये. नुसतं बघायचंय."