माळकऱ्यांच्या घरची वाईन

फेब्रुवारीत कुंदावहिनींचा फोन आला. "भाऊजी, एकदा येऊन जा. टाकीतली वाईन चाखून सांगा. आमच्यात पिणारं कोणी उरलं नाही."

कुंदावहिनी म्हणजे माझा मित्र मधुकर याची बायको. दिंडोरीकडे त्यांचा मळा. मी टेम्पो चालवायचो, तेव्हा त्यांची द्राक्षं पनवेलला आणायचो, तिथून दोस्ती झाली. मधुकर जाऊन दोन वर्षं झाली. माझी बायको हिरा त्याच्याही आधी गेली.

पिशवी घेऊन निघालो, तर पनवेलजवळच्या आमच्या सुकापूरच्या नाक्यावर शेजारचा पांडू भेटला. "काका, दारू प्यायला नाशकाला चाललाव? इकडं काय कमी हाय?"

"इकडं सोबत नाय रे," मी म्हटलं. तो हसला. मीही हसलो.

पनवेल स्टँडवरून सकाळची एसटी धरा, उन्हाच्या आत घाट चढून होतो. ज्येष्ठांना अर्धं तिकीट. कंडक्टरनं विचारलं, "एकच का बाबा?" एकच. खिडकी मला मिळाली. ती कायम हिराची असायची. विमानतळ येणार म्हणून पनवेलभर बोर्ड लागलेत, ते मागे पडेपर्यंत वाचत बसलो. कसाऱ्याखाली गाडी थांबली, तिथला वडा गरम असेल तरच घ्या. नाशकात उतरून मिसळ खाल्ली, रस्सा दोनदा मागितला, आणि दिंडोरीची गाडी पकडली. पुढे जीप मिळते, भरल्याशिवाय हलत नाही.

मळ्यावर तोडणी चालू होती. मधुकरचे वडील, तात्या, बांधावर खुर्ची टाकून बसले होते. गळ्यात तुळशीची माळ.

"काशिनाथ, वाळलास रे."

"तुम्ही कुठं फुगलात तात्या?"

इथे थोडं सांगायला हवं. या जमिनीत पहिली द्राक्षं लावली तात्यांच्या वडिलांनी, भोकरी जातीची. तात्यांनी ती काढून खायची बिनबियांची लावली. मधुकरनं त्यातली अर्धी उपटून वाईनची काळी द्राक्षं लावली, शेड बांधली, स्टीलच्या टाक्या आणल्या आणि गळ्यातली माळ काढून देवापाशी ठेवली. तात्या त्याच्याशी अख्खा हंगाम बोलले नाहीत. मग एका अटीवर बोलले, थेंबभरही उंबऱ्याच्या आत यायची नाही. म्हणून मी आणि मधुकर शेडच्या पडवीत बसायचो. आत हिरा आणि वहिनी भाकऱ्या थापत आम्हाला नावं ठेवायच्या.

वहिनीही माळकरी. तरी गेल्या हंगामात त्यांनी एकटीनं वाईन केली, थेंबही न चाखता, नाकानं आणि मापानं. नाशकाहून एक जाणकार येतो, तो म्हणतो उत्तम. "तो पगारी माणूस, उत्तमच म्हणणार," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही ह्यांची प्यायली आहे. तशी झाली असेल तर ह्यांच्या नावानं बाटल्या भरते. नसेल तर पुढच्या वर्षीपासून द्राक्षं वाईनच्या कारखान्याला घालीन, टाक्या विकीन."

पडवीत त्याच बाकावर बसलो. समोर ग्लास. हातभर अंतरावर वहिनी उभ्या, त्यांच्यामागे तात्या. पिणारा मी एकटा. इतकं एकटं मला घरी जेवतानाही वाटत नाही.

घोट घेतला. डोळे मिटले. मधुकरचं खोकत हसणं आठवलं. हिराच्या बांगड्या आठवल्या. पण त्या वाईनची चव? काही केल्या येईना. दुसरा घोट घेतला. नाहीच.

तशीच झाली म्हणणं सोपं होतं. वहिनींचं तोंड बघवत नव्हतं.

"वहिनी, मला आठवत नाही."

 त्या पदरानं टाकीचा नळ पुसत राहिल्या. तात्याच म्हणाले, "माझ्या बापाच्या भोकरीची चव मला तरी कुठं आठवते? बाग उभी आहे ना."

"मग ही कशी आहे, तेवढं तरी सांगा," वहिनी म्हणाल्या.

"जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ धरते. पण पुढचा घोट मागते."

"मग घ्या की! मोजताय काय?" म्हणून त्या हसल्या आणि हसताहसता रडल्या. तात्या उठून द्राक्षांकडे गेले.

मुक्काम केला. पिठलं, भाकरी, द्राक्षांचं लोणचं; हे लोणचं मिळालं तर सोडू नका. सकाळी निघताना वहिनींनी दोन बाटल्या दिल्या, अजून लेबल नसलेल्या. "टाक्या राहू देत. नाव कोणाचं घालायचं ते बघू. पुढल्या फेब्रुवारीला या. तेव्हा ही आठवली पाहिजे हं!"

आता सुकापुरात, संध्याकाळी गॅलरीत, एक घोट घेतो. समोरच्या इमारतीत दिवे लागतात, कुकरच्या शिट्ट्या होतात. जांभूळ, मग थोडी मातीसारखी चव, मग उशिरा येणारी गोडी. घरात सांगायला कोणी नाही, म्हणून स्वतःशीच मोठ्यानं म्हणतो. दुसऱ्या दिवशी ग्लास भरण्याआधी म्हणून बघतो, आठवतंय का. अजून तरी आठवतंय.