दासोहाचं पार्सल

आमच्या गावाला भेदभाव मुळीच आवडत नाही. दरवर्षी जयंतीला मंडपात माइक लावून हे आधी मराठीत आणि मग कन्नडमध्ये, असं दोनदा सांगितलं जातं. ज्या महापुरुषाची ही जयंती, त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी सगळ्या जातींना एका पंगतीला बसवलं. म्हणून भाषणं संपली की दासोह असतो, म्हणजे गावजेवण. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, भज्जी, भाकरी, भात, सांबार. सतरंज्या अंथरल्या जातात आणि सगळं गाव बसतं, ओढ्यापलीकडची दलित गल्ली सोडून. त्यांना आम्ही पार्सल देतो.

पूर्वी म्हणे त्यांना सगळ्यात शेवटी, मंडपाबाहेर बसवायचे. ते बरं दिसत नाही, हे समितीच्या लक्षात आलं आणि पार्सलचा शोध लागला. हुग्गी एका पिशवीत, सांबार दुसरीत, तोंडाला दोरा, आणि वर हसून, “घरच्यांलाबी होतंय, निवांत खावा.” माझे वडील समितीचे अध्यक्ष, त्यामुळे कॉलेजात गेल्यापासून पार्सल बांधायचं काम माझ्याकडे होतं. दोरा बांधण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं, आणि मला त्याचं कौतुकही होतं.

त्या गल्लीतली एक मुलगी माझ्याबरोबर बसनं बसवकल्याणला कॉलेजला यायची. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, मला अक्का म्हणायची. बोलायला इतकी तयार, की एका जयंतीला समितीनं समतेवरचं भाषण तिलाच दिलं. तालीम आमच्या ओट्यावर झाली. आत ये, असं तिला कोणी म्हटलं नाही. आमच्या घरी समता तेव्हा ओट्यापर्यंत पोचली होती.

भाषण झालं. माझ्या वडिलांनी डोळे पुसले, तिच्या खांद्यावर शाल घातली. मग पंगत बसायला लागली, आणि ती शाल सावरत तिसऱ्या ओळीत जाऊन बसली. वडील लगबगीनं तिच्याजवळ गेले.

“पोरी, तुझं पार्सल तयार हाय की. इथं कामून बसायलीस?”

“इथंच जेवते की अप्पा.”

“गर्दी व्हायलीय, बाळ.”

तिच्या दोन्ही बाजूंची सतरंजी मोकळी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दोरा बांधला आणि पार्सल नेऊन तिच्या हातात दिलं. “गरम आहे, सांभाळून धर,” असंही म्हणाले. ते वाक्य आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पंधरा दिवस ती बसमध्ये माझ्याशी बोलली नाही. शेवटी मी माफी मागितली, तर म्हणाली, “माफी ठिव तुझ्यापाशी. पुढल्या वर्षी तूबी पार्सल घे.”

ती चिडून बोलली होती, पण मागच्या सीटवरच्या पोरापोरींनी ते उचललं. बसला गल्ल्या नसतात, आम्ही सगळे एकाच खड्ड्यात उडायचो. वर्षभर तो बेत आमच्यात मुरत राहिला. पुढच्या जयंतीला पंगतीची हाक आली तेव्हा आमच्या घरांतली पंचवीस-तीस लेकरं सतरंजीकडे न जाता पार्सलच्या टेबलापुढे उभी राहिली, माझी सगळी चुलत भावंडं धरून.

“आमालाबी पार्सल.”

समितीचे एक जुने सभासद सूत्रसंचालन सोडून धावत आले. “आरं, पार्सल तुमच्यासाठी न्हाई, तेंच्यासाठी हाय!” घाईत माइक हातातच राहिला होता, तोही चालू. इतकी वर्षं कोणी न बोललेलं वाक्य ओढ्याच्या अलीकडे-पलीकडे, दोन्हीकडे ऐकू गेलं. ते कन्नडमध्ये मात्र कोणी सांगितलं नाही.

मी एकेकाला बांधून देत गेले, पिशव्या संपल्या. समोरच्या शाळेच्या मैदानात आम्ही सगळ्यांनी एकत्र पार्सलं सोडली आणि एकमेकांच्या हुग्गीत हात घातले. ती माझ्याशेजारी होती, खूप दिवसांनी हसत होती. मंडपात पहिल्या ओळीत म्हातारी माणसं बसली होती आणि मागच्या ओळी रिकाम्या होत्या.

आठवड्यात समितीची बैठक झाली. आता तिला पंगतीत बसवतील, असं मला वाटलं. किती खुळी मी.

पुढच्या जयंतीला सतरंज्या आल्याच नाहीत. पुठ्ठ्याचे डबे आले, झाकणावर ‘समता’ छापलेले. सगळ्या गावाला पार्सल, एकच रांग. वडील तिला मुद्दाम म्हणाले, “बघ पोरी, सगळ्यांला सारखं. काही फरक ऱ्हायला का?”

“न्हाई अप्पा,” ती म्हणाली. डबा तिनं घेतला नाही.

मी तिच्या मागे गेले. “चल, मैदानात बसू सगळे.”

“तुमी बसा अक्का. जेवायला मला घरीबी हाय. मला मंडपात बसायचं होतं.”

वडील डबा काखेत मारून घरी निघाले होते. वाढप्यानं तीनदा आग्रह केल्याशिवाय ज्यांचं जेवण होत नाही, ते माझे वडील त्या दिवशी स्वयंपाकघरात एकटेच जेवले, आणि हुग्गी गार आहे म्हणून आईवर खेकसले. एका पोरीच्या शेजारी बसावं लागू नये म्हणून त्यांनी अख्ख्या गावाची पंगत मोडली होती.